परसात उगवलेला वेगळाच वेल : खावा की उपटावा?



एरवी आपण वावरातल्या पिकांविषयी बोलतो. आज मात्र सुरुवात मुंबईतल्या वडाळ्यापासून करायची आहे. तुम्ही म्हणाल, वडाळ्यात कसली आली शेती? तिथे गोदीच्या वसाहती, रेल्वेचे क्वार्टर्स, चाळी आणि उंच इमारती. गोष्ट खरी आहे. पण गावाकडून गेलेल्या माणसाच्या हाताला मातीची सवय असते. तळमजल्याच्या खोलीमागे चार हात जागा मिळाली की तो तिथे अळू लावतो, मिरचीची दोन रोपे लावतो, आणि काठ्यांचा मांडव करून त्यावर दुधीचा वेल सोडतो. जागा नसली तर रंगाच्या रिकाम्या डब्यात लावतो. बी कुठून आणतो? दरवेळी दुकानातूनच आणतो असे नाही. गणपतीला नाहीतर शिमग्याला गावी आला की आईकडून मूठभर बी रुमालात बांधून नेतो.

म्हणजे वडाळ्याच्या डब्यातल्या वेलाचे मूळ तुमच्या-आमच्या परसात आहे. म्हणून ही माहिती तुमच्यासाठी.

आता असे धरून चला, की वडाळ्याच्या एका घरी जूनच्या पावसाला दुधीचे बी टोकले. वेल मांडवभर झाले. पण दोन वेल काही सारखे नाहीत. एकाला लांब, फिकट हिरवी, नेहमीची फळे. दुसऱ्याचे फळ खाली घागरीसारखे फुगलेले, वर बारीक मान आणि अंगावर पांढरट ठिपके. तिसरा वेल तर कोणी लावलाच नव्हता. भाजीची देठे-साली टाकायच्या खड्ड्यातून तो आपोआप वर आला. मग सून गावाला सासूबाईंना फोन करते.

“आई, तुम्ही दिलेल्या बियांचा दुधी काही वेगळाच आलाय. घागरीसारखा. खायचा का?”

“अगं, भोपळा तो भोपळाच. कोवळा असंल तर कर भाजी.”

“पण फोड जिभेला लावली तर कडू लागतेय.”

“मग मीठ लावून पिळून घे. कडू असतं ते अंगाला चांगलं असतं.”

मंडळी, असे बोलणे कितीतरी घरांत होत असते. सासूबाई मायेने सांगतात. त्यांचे पहिले उत्तर एकवेळ चालेल. दुसरे मात्र जिवावर बेतू शकते. का, ते आता सविस्तर पाहू.

वेगळा दिसतो म्हणजे विषारी, असे नाही

पहिली गोष्ट, नुसत्या रूपावरून घाबरायचे कारण नाही. दुधीत लांब, गोल, सुरईसारखी, मान असलेली अशी नाना आकारांची फळे येतात. आकार हा वाणाचा गुण आहे. त्याचा विषाशी संबंध नाही. तसेच सरळ दिसणारे फळ गोडच असेल, असेही नाही. आकार आणि चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्के ध्यानात धरा.

फळ वाकडेतिकडे येण्याची साधी कारणेही असतात. पावसाची झड लागली, मधमाश्या-पाकोळ्या फिरकल्या नाहीत, तर मादी फुलावर पराग पुरेसा पडत नाही. मग फळ एका बाजूने भरते, दुसऱ्या बाजूने आखडते. फळमाशीने डंख मारला की त्या जागी खळगा पडून फळ वाकते. चिरून पाहिले तर आत अळ्या दिसतात. परागाअभावी वाकलेले फळ कडू नसेल तर बिनधास्त खा. माशीचे फळ मात्र गोळा करून खोल पुरा, नाहीतर माशी वाढते.

पाने पिवळी-हिरवी चट्ट्यापट्ट्याची, फुगे आल्यासारखी, बारीक झाली असतील आणि फळावर गाठी आल्या असतील, तर तो विषाणूचा रोग समजा. हा रोग माणसाला होत नाही, पण शेजारच्या वेलांना होतो. माव्यासारख्या रस शोषणाऱ्या किडी तो एका वेलावरून दुसऱ्यावर नेतात. असा वेल औषधाने सुधारत नाही. तो उपटून नष्ट करणे हाच उपाय.

आधी वेल कोणत्या घराण्यातला, ते ओळखा

आपोआप उगवलेला वेल ओळखायचा तर फुलाकडे बघा.

दुधीचे फूल पांढरे असते आणि ते संध्याकाळी उमलते. पान मऊ, लव असलेले, आणि देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी असतात. लाल भोपळ्याचे फूल मोठे, पिवळे, आणि पहाटे उमलते. दोडका आणि घोसाळे, दोघांची फुले पिवळीच. पण दोडक्याचे संध्याकाळी उमलते, घोसाळ्याचे पहाटे. काकडीचे फूल लहान व पिवळे. कारल्याचे पान खोल कातरलेले. पडवळाचे फूल पांढरे आणि कडेला दोऱ्यांची झालर लावल्यासारखे.

झालरीचे पांढरे फूल दिसले आणि फळ मात्र लांब न होता लिंबा-संत्र्यासारखे गोल होऊन पिकल्यावर लालभडक झाले, तर ते कवंडळ असू शकते. हा रानवेल कुंपणावर चढतो. त्याचे फळ विषारी आहे. पोरांच्या हाती लागू देऊ नका. माळरानावरचे कडू वृंदावन तुम्ही पाहिलेच असेल. कलिंगडाच्या लहान भावासारखे दिसते, पण जहरासारखे कडू. तेही खाण्याचे नव्हे.

एक साधा नियम करा. ज्या वेलाची ओळख पटत नाही त्याचे फळ चाखूनसुद्धा पाहू नका. चाखून पाहायची जी रीत पुढे सांगितली आहे, ती ओळखीच्या भाजीसाठीच.

मग दुधीत हा कडूपणा शिरला कुठून?

इथे जरा मुळापासून सांगावे लागेल.

भोपळा, काकडी, दोडका या सगळ्या कुळात एक कडू द्रव्य असते. त्याला शास्त्रात कुकुरबिटासिन म्हणतात. नाव अवघड आहे, पण काम सोपे आहे. जनावरांनी आणि किड्यांनी खाऊ नये म्हणून रानवेल हे द्रव्य अंगात बाळगतात. गंमत अशी, की लाल भुंगेरा मात्र त्याला भीत नाही, उलट त्या वासा-चवीकडे ओढला जातो. माणसाने हजारो वर्षे गोड फळांचे बी निवडून निवडून लावले, तेव्हा कुठे हा कडूपणा मागे हटला. हटला, पण मुळातून गेला नाही. संधी मिळाली की परत येतो. ती संधी तीन वाटांनी मिळते.

पहिली वाट परागाची. आपला खायचा दुधी आणि वाळवून वापरायचा कडू भोपळा हे दोन वेगळे झाड नव्हेत. दोघे एकाच जातीचे सख्खे भाऊ आहेत. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधायचा भोपळा, गोसाव्याचा तुंबा, एकतारीचा भोपळा हे सारे त्याच जातीतले. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांना लागणारे जाड सालीचे मोठे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातले शेतकरी पिकवतात. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराला लोक प्रतिपंढरपूर म्हणतात. तिथे आषाढीला जी दिंडी येते, तिच्यातल्या वीणेकऱ्याच्या वीणेचा भोपळाही याच जातीचा. म्हणजे कडू भोपळा वाईट नाही. त्याची जागा वीणेला आहे, ताटात नाही, एवढेच.

आता तुमच्या दुधीच्या आसपास कोणी असा कडू भोपळा लावला असेल, तर पाकोळ्या आणि माश्या त्याचा पराग आणून तुमच्या दुधीच्या मादी फुलावर टाकतात. त्या वर्षी तुमचे फळ गोडच राहते. कारण फळाचा गर आईच्या अंगाचा असतो. बी मात्र आई-बाप दोघांचे असते. ते बी तुम्ही धरता, मुलाला देता, तो वडाळ्यात लावतो, आणि पुढच्या वर्षी तिथे कडू फळ येते. दोष ना मुंबईच्या मातीचा, ना कोणाच्या नजरेचा. मागल्या वर्षीच्या फुलाचा आहे.

काही जण म्हणतात, “शेजारी कारले लावले होते, त्याचा कडूपणा दुधीला लागला.” असे होत नाही. दुधीचा कारल्याशी, काकडीशी किंवा लाल भोपळ्याशी संकर होत नाही. मिसळ एकाच जातीत, फार तर अगदी जवळच्या नात्यात होते. दुधी आणि कडू भोपळा मिसळतात. खरबूज, चिबूड आणि शेंदाड एकमेकांत मिसळतात. दोडका आणि घोसाळे यांच्यातही संकर होऊ शकतो. दोडक्यात रानचा कडू दोडकाही असतो. तो बांधावर असेल तर सांभाळा.

दुसरी वाट संकरित बियाण्याची. पुडीवर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असे छापलेले असते. त्या बियांची फळे एकसारखी येतात. पण त्या फळांचे बी धरून पुन्हा लावले, की आजी-आजोबांचे गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. एक वेल लांब फळाचा, एक गोल फळाचा, एक अगदीच भलता. कचऱ्याच्या खड्ड्यातून उगवलेला वेल बहुधा असाच असतो. बाजारातून आणलेल्या भाजीतले जून बी तिथे पडलेले असते. त्याचे आई-बाप कोण, कोणालाच माहीत नसते.

तिसरी वाट ताणाची. कधी कधी बी चांगले असते, तरी फळात कडवटपणा येतो. कडक ऊन, पाण्याची ओढ, अपुरे खत, किंवा फळ वेलावर फार जून होणे, यामुळे कडू द्रव्य वाढते. पत्र्याच्या डब्यातली मूठभर माती दुपारी तापते आणि मुळे होरपळतात. म्हणून शहरातल्या डब्यांतल्या वेलांना हा धोका असतो. तीच गत विहीर आटल्यावर उन्हाळी मांडवाची. दुधीला मोठे भांडे, शेणखत आणि सारखी ओल हवी. एक दिवस पूर आणि चार दिवस कोरडे, असे करू नका.

कडू म्हणजे औषधी, हा गैरसमज सोडा

आपल्याकडे म्हण आहे, कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच. कडू दुधीला ही म्हण शब्दशः लागू पडते. हे द्रव्य शिजवून नष्ट होत नाही. मीठ लावून पिळले, साल काढली, फोडणी दिली, गूळ टाकला, तरी विष तसेच राहते. गुळाने चव झाकली जाते, आणि झाकलेले विष जास्त वाईट. कारण जीभ आपल्याला सावध करत असते, तिचे तोंडच आपण बंद करतो.

तुम्ही विचाराल, मग कारले आपण खातोच की! बरोबर आहे. पण कारल्याचा कडूपणा त्याच्या स्वतःच्या वेगळ्या द्रव्यांचा आहे, आणि ते पिढ्यान्पिढ्या भाजी म्हणून खाल्ले जाते. कारल्याला कडू असण्याची परवानगी आहे. दुधी, दोडका, घोसाळे, काकडी, लाल भोपळा यांना नाही. यांच्यातला कडूपणा ही धोक्याची खूण समजायची.

काकडीचे काय? काकडीचा कडवटपणा बहुधा देठाकडच्या टोकाला आणि सालीत असतो. टोक कापून घासण्याची आपली रीत आहे. घासण्याने फारसे काही होत नाही, कापून टाकण्याने होते. टोक कापल्यावरही आतली फोड कडू लागली, तर ती काकडी टाकून द्या. दोन रुपयांच्या काकडीसाठी पोट बिघडवू नका.

झालेल्या घटना

हे नुसते भीती घालायला सांगत नाही. दिल्लीत २०१० साली एका गृहस्थांनी दुधी आणि कारल्याचा रस एकत्र करून घेतला आणि त्यांचा त्यातच मृत्यू झाला. कारल्याचा रस मिसळलेला असला, की दुधी कडू आहे हे जिभेला कळणार कसे? पुण्यातही २०१८ साली दुधीचा रस घेतल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाला. जर्मनीत २०१५ साली घरच्या बागेत पिकलेली, भोपळ्याच्या कुळातली कडू भाजी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले. तिकडेही वेल घरगुती बागेतलाच होता.

दिल्लीच्या प्रकरणानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ साली परिषदेच्या नियतकालिकात छापून आला. त्यातला सल्ला साधा आहे. रस काढण्यापूर्वी दुधीची बारीक फोड चाखून पाहावी. कडू असेल तर फेकून द्यावा. दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये. आणि रस घेतल्यावर मळमळ, उलटी, पोटदुखी किंवा अस्वस्थपणा वाटला तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

भाजीपेक्षा रसाचा धोका मोठा का? भाजीचा घास कडू लागला तर आपण थुंकतो. रस मात्र ‘औषध आहे’ म्हणून नाक दाबून पेलाभर घशाखाली उतरवतो. पेलाभर रसात एका फळाचा बराचसा भाग कच्चा जातो. म्हणून ज्यांच्या घरी सकाळी दुधीचा रस घेण्याची सवय आहे त्यांनी विशेष जपावे.

चाखून पाहण्याची रीत

दुधी, दोडका, घोसाळे, काकडी चिरताना ही सवय लावून घ्या. वेळ अर्धा मिनिट लागतो.

१. फळ धुऊन देठाकडचे टोक कापा.

२. आतल्या गराचा तांदळाच्या चार दाण्यांएवढा तुकडा घ्या.

३. तो जिभेच्या टोकाला लावा. गिळू नका.

४. कडू लागला की लगेच थुंका, चूळ भरा, आणि ते सगळे फळ टाकून द्या. चांगला भाग, वाईट भाग अशी वाटणी करू नका.

५. एका वेलाचे एक फळ गोड निघाले म्हणून बाकीची न चाखता खाऊ नका. प्रत्येक फळ चाखा.

६. चाखण्याचे काम मोठ्या माणसाने करावे. लहान मुलांना सांगू नये.

कडू निघालेले फळ गुरांपुढे टाकू नका. मुके जनावर बोलून दाखवणार नाही. उकिरड्यावरही टाकू नका; त्यातले बी पुढच्या पावसाला उगवून परत तोच घोटाळा करील. दोन फूट खोल पुरा. ज्या वेलाची सगळीच फळे कडू निघतात, तो मुळासकट उपटा. वेल मोठा आहे, मांडव भरला आहे, म्हणून जीव तुटतो हे खरे. पण तो ठेवला तर त्याचा पराग तुमच्या चांगल्या दुधीवर जाईल आणि पुढच्या वर्षीचे बी नासवील. जाड सालीचा कडू भोपळा वाद्यासाठी किंवा तुंब्यासाठी हवाच असेल, तर तो वेगळा, लांब लावा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

चुकून खाण्यात आले तर

खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते काही तासांत त्रास सुरू होतो. पोटात कळा, मळमळ, उलट्या, जुलाब. जास्त विषबाधा झाली तर उलटीत किंवा शौचावाटे रक्त पडते, रक्तदाब उतरतो, अंग गार पडते, माणूस गळून जातो. वयस्क माणसाला आणि लेकराला हे सोसत नाही.

यावर उतारा म्हणून एखादे ठराविक औषध नाही. दवाखान्यात शिरेतून सलाइन देतात, रक्तदाब सांभाळतात, पोटाच्या आतल्या जखमांवर औषध देतात. वेळेत नेलेला माणूस बहुतेक वेळा बरा होतो. म्हणून घरगुती उपायांत वेळ घालवू नका. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. दूध-तूप-ताक पाजत बसू नका. गाडी मिळत नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, “कडू दुधी खाल्ला आहे, अमुक वाजता खाल्ला, एवढा खाल्ला.” उरलेले फळ किंवा भाजी डब्यात घालून बरोबर न्या. हे सांगितले नाही, तर साधी हगवण समजून उपचार होण्याचा संभव असतो.

घरचे बी धरा, पण नीट धरा

आता मुख्य काम. घरचे बी धरू नका, असे आमचे म्हणणे नाही. घरचे बी हा आपल्या घराचा ठेवा आहे. पण ते डोळे मिटून धरू नये.

पहिले, संकरित वाणाचे बी धरू नका. बी धरायचे तर सरळ वाण निवडा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘सम्राट’, बंगळूरच्या संस्थेचा ‘अर्का बहार’ हे असे सरळ वाण आहेत. किंवा तुमच्या गावात वर्षानुवर्षे गोड निघालेला गावरान वाण घ्या.

दुसरे, अंतर. बियाणे प्रमाणित करण्याच्या नियमांत या वेलांसाठी पायाभूत बियाण्याला १००० मीटर आणि प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर मोकळे अंतर सांगितले आहे. गावात एवढे अंतर कोणाला मिळणार? एका आळीत दहा मांडव असतात. म्हणून घरापुरत्या बियांसाठी हाताने परागीभवन करणे हा उत्तम मार्ग. काम बायामाणसे, शाळेतली मुले, कोणीही करू शकते.

१. मांडवावरचे निरोगी वेल निवडा. प्रत्येकाचे एखादे कोवळे फळ आधी चाखा. कडू वेल बाद करा.

२. नर फूल आणि मादी फूल ओळखा. मादी फुलाच्या खाली बोटाएवढा इवलासा दुधी असतो. नर फूल लांब, बारीक देठावर असते.

३. त्याच संध्याकाळी उमलणाऱ्या कळ्या दुपारीच हेरा. त्यांच्या टोकाला पांढऱ्या पाकळ्या डोकावू लागलेल्या असतात. नर आणि मादी, दोन्ही कळ्यांवर कागदाची लहान पिशवी घालून दोऱ्याने सैल बांधा. म्हणजे परका पराग येणार नाही.

४. संध्याकाळी फूल उमलले की नर फूल तोडा, पाकळ्या काढा, आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवा. नर फूल त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलाचे घेतले तर उत्तम.

५. मादी फुलावर पुन्हा पिशवी बांधा. दोन दिवसांनी काढा. फळाच्या देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे ते कोणी भाजीला तोडणार नाही.

६. हे फळ वेलावर पूर्ण जून होऊ द्या. साल फिकट आणि टणक झाली, की उतरवून वाळवा. बी काढून धुवा, सावलीत सुकवा आणि राख लावून किंवा कोरड्या बरणीत ठेवा.

लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते. म्हणून त्याच्या कळ्या आदल्या संध्याकाळी बांधाव्या लागतात आणि परागाचे काम उजाडताना करावे लागते. एवढाच फरक.

तिसरे, पुडीवर लिहा. कोणता वाण, कोणत्या वर्षीचे बी, कोणाच्या घरचे, आणि खाली एक ओळ : ‘प्रत्येक फळ चाखून मगच शिजवा.’ लिहिता येत नसेल तर नातवंडाकडून लिहवून घ्या. रुमालात बांधलेले बी वडाळ्याला पोचते, पण तुमच्या मनातली माहिती पोचत नाही. ती कागदावर गेली तरच पोचते.

आणि पुढच्या वेळी फोन आला, “आई, दुधी कडू लागतोय”, तर उत्तर काय द्यायचे? “टाकून दे बाई, एक फोडसुद्धा खाऊ नकोस. वेल उपट. मी चांगलं बी पाठवते.” एवढे तीन वाक्यांचे बोलणे एखाद्याचा जीव वाचवील.

लक्षात ठेवा

• फळाचा आकार वेगळा असला तरी भिऊ नका. चव कडू असली तर खाऊ नका.

• ओळख न पटलेल्या वेलाचे फळ चाखूही नका.

• कडू दुधी, दोडका, घोसाळे शिजवून, पिळून, गूळ घालून सुरक्षित होत नाही.

• दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका. चाखल्याशिवाय रस काढू नका.

• कडू फळ गुरांना घालू नका, उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा.

• संकरित वाणाचे आणि आपोआप उगवलेल्या वेलाचे बी धरू नका.

• त्रास झाल्यास लगेच दवाखाना. काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगा.

हे पत्रक वाचून झाल्यावर घडी करून ठेवून देऊ नका. मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचा, स्वयंपाकघरातल्या माणसाला वाचून दाखवा, आणि मुंबईला बी पाठवाल तेव्हा त्या पुडीबरोबर पाठवून द्या. तुमच्या परसात काही वेगळाच वेल आला असेल, तर त्याचे पान, फूल आणि फळ घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आधी ओळख, मग चव, आणि शेवटी चूल, हा क्रम सोडू नका.